जामीन राहिलेला माणूस
परिवीक्षा अधिकाऱ्याच्या पदाचा मूळपुरुष बोस्टनचा एक जोडे शिवणारा होता, हे वाचून मला नवल वाटले. १८४१ च्या ऑगस्टमध्ये जॉन ऑगस्टस पोलीस कोर्टात एका दारुड्याला जामीन राहिले. तीन आठवड्यांनी तो माणूस ओळखू येईना इतका पालटला. न्यायाधीशांनी नाममात्र एक सेंट दंड केला. १८५९ मध्ये निधन होईपर्यंत ऑगस्टस सुमारे दोन हजार आरोपींना जामीन राहिले. त्यांना काम व निवारा मिळवून देत, वर्तनाचा अहवाल कोर्टाला देत. वेतन नव्हतेच, उलट स्वतःचा धंदा बसला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७८ साली पगारी अधिकाऱ्याचा कायदा झाला, आपल्याकडे १९५८ साली परिवीक्षा अधिनियम आला. कायद्याने पद मिळते; परक्याची हमी घेण्याचे धैर्य माझ्यात आहे का, हे मी स्वतःला विचारतो.