मार्शल तुखाचेव्हस्की

१९३५ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रशियाने आपल्या पाच सेनानींना प्रथमच ‘मार्शल’ हा हुद्दा दिला. त्या पाचांत सर्वांत तरुण होता मिखाईल तुखाचेव्हस्की. वय अवघे बेचाळीस! पण दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच त्याच देशाने त्याला जर्मनीचा हस्तक ठरवून गोळी घातली.

तुखाचेव्हस्कीचा जन्म १८९३ साली एका सरदार घराण्यात झाला. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, तो जर्मनांच्या हाती सापडला. इंगोलश्टाट येथील किल्ल्यात त्याच्यासोबत द गॉल हा फ्रेंच अधिकारीही कैदेत होता. १९१७ मध्ये तुखाचेव्हस्की निसटला, मायदेशी परतला आणि जन्माने सरदार असूनही बोल्शेव्हिकांना मिळाला. यादवी युद्धात पंचविसाव्या वर्षी त्याच्या हाती एका सेनेची सूत्रे आली. १९२० मध्ये वॉर्साच्या वेशीवर मात्र त्याला जबर पराभव पत्करावा लागला. १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या खलाशांचे आणि तांबोवच्या शेतकऱ्यांचे बंड त्याने निर्दयपणे चिरडले. शेतकऱ्यांविरुद्ध विषारी वायू वापरण्याचा हुकूम त्याचाच. हा डाग त्याच्या चरित्रावरून पुसता येत नाही.

याच सुमारास युरोपात एक विलक्षण व्यवहार सुरू झाला. १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मनीचे सैन्य एक लाखावर आणून ठेवले होते. रणगाडे, लढाऊ विमाने, विषारी वायू या सर्वांना बंदी होती. रशियाजवळ अफाट जमीन होती, पण तंत्रज्ञान नव्हते. एकाला जागा हवी, दुसऱ्याला विद्या. १९२२ च्या रापालो कराराने उघड मैत्री जुळली आणि तिच्या आडोशाने लष्करी सहकार्य वाढले. लिपेत्स्क येथे विमानविद्येची, कझानजवळ रणगाड्यांची शाळा निघाली. व्होल्स्कजवळ विषारी वायूंचे प्रयोग चालत. जर्मन वैमानिक साध्या वेषात, नागरिक म्हणून येत. रणगाड्यांना कागदोपत्री ‘ट्रॅक्टर’ म्हणत! १९२६ च्या डिसेंबरात एका इंग्रजी वृत्तपत्राने हे बिंग फोडले, जर्मन संसदेत गदारोळ झाला, तरीही व्यवहार चालूच राहिला.

१९२५ ते १९२८ या काळात तुखाचेव्हस्की लाल सेनेचा प्रमुख स्टाफ अधिकारी होता. १९३१ पासून शस्त्रास्त्रांचा कारभार त्याच्याकडे आला. जर्मन अधिकाऱ्यांशी भेटीगाठी हे त्याचे सरकारी कामच होते. १९३२ मध्ये जर्मन सैन्याच्या कवायती पाहायला तो गेला, तोही सरकारी पाहुणा म्हणून. रणगाडे, विमाने आणि छत्रीधारी सैनिक यांनी मिळून शत्रूच्या आघाडीमागे खोलवर घुसावे, हा विचार त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लाल सेनेत रुजवला. अग्निबाणांच्या संशोधनालाही त्याने पाठबळ दिले.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी या शाळा बंद पडल्या. पुढे जर्मनीपासून असलेल्या धोक्याचा इशारा तुखाचेव्हस्की स्वतःच देऊ लागला. पण स्टालिनला या कर्तबगार सेनानीचा संशय येऊ लागला होता. मे १९३७ मध्ये त्याला अटक झाली. छळ करून कबुलीजबाब घेतला गेला. ११ जूनला बंद दाराआड खटला चालला आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याचा व इतर सात सेनानींचा निकाल लागला. एके काळी सरकारच्या हुकमाने जोडलेले संबंध आता देशद्रोह ठरले! त्याचे कुटुंबही सुटले नाही. १९४१ मध्ये जर्मन रणगाडे रशियात घुसले, तेव्हा त्यांना तोंड द्यायला हे अनुभवी सेनानी उरले नव्हते. १९५७ मध्ये त्याच देशाने त्याला निर्दोष जाहीर केले.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात, की प्रत्येक नावेला जमा असते तशीच प्रत्येक व्यवहाराला लेखी पावती हवी. गुप्त व्यवहाराला पावती नसते. नफा राज्य घेते. तोटा मात्र ज्याने सही केली त्याच्या खात्यावर पडतो. तुखाचेव्हस्की स्वतः निष्पाप नव्हता. तांबोवचे शेतकरी त्याला साक्षी आहेत. पण ज्या गुन्ह्यासाठी त्याला मारले, तो गुन्हा त्याने केलाच नव्हता.