यंत्रांच्या नोंदवहीला शिस्त लावणारे एडगर कॉड

रुग्णालयातला व्हेंटिलेटर ऐनवेळी बंद पडला की दोष यंत्राला दिला जातो. पण काही वेळा चुकीची सुरुवात त्याच्या नोंदवहीत झालेली असते. यंत्राची सर्व्हिसिंग कधी झाली, कोणी केली, कोणता भाग बदलला आणि पुढची तपासणी केव्हा, याची उत्तरे दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेली असली, तर एखादी तपासणी राहून जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. माहिती साठवण्यातल्या अशा गोंधळावर गणिताच्या आधाराने उपाय शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे एडगर फ्रँक कॉड. संगणकातल्या बहुतेक डेटाबेसच्या मुळाशी आज त्यांचाच विचार आहे.

कॉड यांचा जन्म १९२३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. आई शिक्षिका होती. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी गणित आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले आणि आयबीएममध्ये रुजू झाले. सिनेटर मॅकार्थी यांनी तिथे संशयाचे राजकारण सुरू केले, तेव्हा त्याला वैतागून १९५३ मध्ये ते कॅनडात निघून गेले. काही वर्षांनी परतल्यावर, चाळिशी ओलांडलेली असताना, मिशिगन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता स्वतःची प्रत स्वतःच तयार करू शकणाऱ्या गणिती रचनांचा. त्यानंतर ते कॅलिफोर्नियात, आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत आले.

त्या काळी आयबीएमकडे आयएमएस नावाची माहिती साठवण्याची प्रणाली होती. चांद्रमोहिमेच्या सॅटर्न रॉकेटमधल्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी ती तयार झाली होती. तिची रचना झाडासारखी होती : वर यंत्र, त्याखाली त्याचे जोड, त्याखाली सुटे भाग. एका यंत्रात कोणते भाग आहेत, हे त्यातून पटकन मिळे. पण एखादा सदोष व्हॉल्व्ह कोणकोणत्या यंत्रांत बसवला आहे, असा उलटा प्रश्न विचारला की अडचण होई. माहितीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचायचे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागे. मांडणी बदलली, की प्रोग्रॅमही बदलावे लागत.

जून १९७० मध्ये कॉड यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची ओळख पटवणारा क्रमांक असावा आणि तक्त्यांमधले नातेही त्याच क्रमांकाने दाखवावे, असे त्यांनी मांडले. वापरणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगायचे. ते कुठे आणि कसे शोधायचे, हे संगणकाने पाहायचे. त्या निबंधात एका कर्मचाऱ्याच्या नोंदीचे उदाहरण आहे. त्याच्या नोकऱ्यांचा इतिहास एकाच नोंदीत न कोंबता तो वेगळ्या तक्त्यात काढावा, असे ते दाखवतात. कर्मचाऱ्याच्या जागी यंत्र आणि नोकऱ्यांच्या जागी दुरुस्त्या ठेवल्या, की हेच तत्त्व देखभालीच्या नोंदींना लागू पडते.

समजा, एखाद्या रुग्णालयात सगळ्या यंत्रांच्या सर्व्हिसिंगची एकच मोठी वही आहे. प्रत्येक ओळीत तारीख, यंत्राचा क्रमांक, कंपनीचे नाव, कंपनीचा फोन, केलेले काम आणि बदललेले भाग. कंपनीचा फोन बदलला, तर चाळीस ओळी दुरुस्त करायच्या. त्यातली एक जरी राहिली, तरी ऐनवेळी फोन चुकीच्या क्रमांकावर जाणार. नवे यंत्र आले, पण त्याची अजून एकही सर्व्हिसिंग झालेली नाही, तर त्याची नोंदच होत नाही. आणि एखाद्या कंपनीचे एकमेव यंत्र भंगारात काढून त्याच्या ओळी खोडल्या, तर त्या कंपनीची माहितीही सोबत जाते.

पुढच्या एकदोन वर्षांत कॉड यांनी हे दोष टाळण्याच्या पायऱ्या बांधून दिल्या. एका रकान्यात एकच गोष्ट लिहायची. ओळीतली प्रत्येक माहिती त्या ओळीच्या पूर्ण ओळखीशी बांधलेली हवी, आणि ती दुसऱ्या एखाद्या रकान्याच्या आडून आलेली नसावी. या नियमांनी वरची वही आपोआप सुटी होते. यंत्रांचा एक तक्ता, कंपन्यांचा दुसरा, कोणत्या यंत्राची किती महिन्यांनी तपासणी करायची याचा तिसरा, प्रत्यक्ष झालेल्या कामांचा चौथा आणि प्रत्येक कामात वापरलेल्या भागांचा पाचवा. फोन आता एकाच जागी असतो. शेवटची तपासणी आणि ठरलेले अंतर यांवरून पुढची तारीख काढता येते. ती वेगळी लिहून ठेवली, तर दोन नोंदींत विसंगती शिरायला वाट मिळते.

माहिती नसणे हीसुद्धा नीट नोंदवण्याची गोष्ट आहे, हा कॉड यांचा आणखी एक आग्रह. यंत्रातून झिरपणारा विद्युतप्रवाह मोजला आणि तो शून्य आला, हे वेगळे. तो मोजलाच नाही, हे वेगळे. दोन्ही ठिकाणी शून्य लिहिले, तर न तपासलेले यंत्र सुरक्षित ठरते. कोऱ्या जागेचा असा वेगळा अर्थ डेटाबेसने सांभाळलाच पाहिजे, हे त्यांनी १९८५ मध्ये जाहीर केलेल्या प्रसिद्ध बारा नियमांपैकी एकात आहे. तिची हाताळणी नेमकी कशी असावी, यावर त्यांचे निकटचे सहकारी ख्रिस डेट यांच्याशीही त्यांचे मतभेद राहिले.

त्यांच्या स्वतःच्या कंपनीत मात्र ही कल्पना सहज रुजली नाही. आयएमएस चांगली विकली जात होती. तिला घरातूनच प्रतिस्पर्धी कशाला, असा विचार होता. तक्त्यांची पद्धत फार संथ चालेल, अशीही शंका होती. १९७४ मध्ये जुन्या पद्धतीचे अग्रणी चार्ल्स बाखमन यांच्याशी कॉड यांचा जाहीर वादविवाद झाला. त्याच दशकात आयबीएमच्या एका गटाने प्रायोगिक प्रणाली उभारली आणि त्यातून एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा आली. बर्कलेच्या विद्यापीठातही वेगळी प्रणाली तयार झाली. कॉड यांची कल्पना छापील निबंधातून सर्वांपर्यंत पोहोचली होती. १९७९ मध्ये ओरॅकलने तिच्यावर आधारलेला डेटाबेस बाजारात आणला. आयबीएमचा त्यानंतर आला. १९८१ मध्ये कॉड यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.

कॉड यांचा विचार वापरायला मोठा संगणक लागत नाही. सोसायटीची लिफ्ट आणि पाण्याचा पंप असो, दवाखान्यातला रक्तदाबमापक असो की शाळेतली अग्निशामक नळकांडी, प्रत्येक वस्तूला एक न बदलणारा क्रमांक द्यावा. वस्तूची माहिती एका पानावर आणि तिच्यावर झालेले प्रत्येक काम दुसऱ्या पानावर, तारखेसह नव्या ओळीत लिहावे. जुनी ओळ खोडू नये. जे तपासले नाही, तिथे 'तपासले नाही' असेच लिहावे. म्हणजे पुढची तपासणी कोणाची राहिली आहे, हे यंत्र बंद पडण्याआधीच कळते.