तारापूरच्या काँक्रीटमध्ये सेन्सर पुरले, पण गोष्ट सुरू होते होमी भाभांपासून

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीन हादरायला लागली. धक्के छोटे, पण एकामागून एक. धुंदलवाडी परिसरात घरांना तडे गेले, लोक थंडीत तंबूत झोपले. याच पालघर जिल्ह्यात, बोईसरजवळ समुद्राकाठी तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. तिथे तडा गेला तर कळणार कसं?

घराच्या भिंतीचा तडा डोळ्यांना दिसतो. चालू अणुभट्टीत डोकावून बघता येत नाही, तिथे सगळा भरवसा उपकरणांवर. ही उपकरणं आपली आपण बनवायची, हा हट्ट ज्यांनी धरला ते होमी जहांगीर भाभा.

जन्म 30 ऑक्टोबर 1909, मुंबईतलं सधन पारशी घर. घरच्यांचं ठरलेलं होतं, पोरानं केंब्रिजला इंजिनिअर व्हायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं. भाभांनी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात काढली, घरच्यांचा शब्द राखला आणि मग मनासारखं भौतिकशास्त्र धरलं. 1937 मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी कॉस्मिक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला आणि नाव झालं.

1939 ला ते सुट्टीवर भारतात आले होते. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि परत जाणं राहिलं ते राहिलंच. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये हा कागदावर गणितं करणारा माणूस उपकरणांच्या नादी लागला. कॉस्मिक किरण मोजायचे म्हणून गायगर काउंटर जुळवून त्यांनी ते विमानातून उंचावर पाठवले.

पुढे 1945 ला टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली आणि 1948 ला अणुऊर्जा आयोग आला. दोन्हीकडे भाभाच प्रमुख. 4 ऑगस्ट 1956 ला तुर्भ्यात 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचं होतं, पण नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव यांच्यासारख्या इथल्याच लोकांनी बनवली होती.

आता गंमत बघा. हाच माणूस तारापूरसाठी मात्र अमेरिकेकडे गेला. 1963 ला करार झाला आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं दोन अणुभट्ट्या तयार बांधून द्यायच्या ठरल्या. स्वावलंबनाच्या गोष्टी करणाऱ्यानं तयार माल आणावा, हे खटकणारंच होतं. पण त्याच 1963 मध्ये भाभा देशातल्या इलेक्ट्रॉनिक्सची दिशा ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षही झाले. भट्टी विकत घेतली तरी तिची नाडी आपल्याच हातानं तपासता यावी, असा त्याचा अर्थ लावता येतो.

तारापूर सुरू झालेलं बघणं त्यांच्या नशिबात नव्हतं. 24 जानेवारी 1966 ला व्हिएन्नाला निघालेले असताना एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. वय अवघं 56. त्या अपघातामागच्या कारस्थानाच्या कथा व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतात. त्यांनी मागे ठेवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसांबद्दल मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यांच्याच बळावर 1967 ला हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली. 1969 ला तारापूरची वीज सुरू झाली. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेनं हात आखडता घेतला, तेव्हा ही घरची तयारी कामाला आली.

भाभांचं नाव असलेल्या केंद्रानं नंतर तारापूरलाच एक वेगळा प्रयोग केला. 540 मेगावॅटच्या अणुभट्टीभोवती असतं तसं काँक्रीटचं कवच, पण पाव आकाराचं, मुद्दाम बांधलं. त्यात हजारावर सेन्सर बसवले. अशा कामातले काही सेन्सर तंबोऱ्याच्या तारेसारखे असतात. नळीत ताणलेली बारीक तार काँक्रीटमध्ये पुरतात. काँक्रीट केसभर ताणलं तरी तारेचा ताण आणि कंपन बदलतं, आणि बाहेरच्या यंत्राला ते कळतं.

मग त्या कवचात हवा भरून दाब वाढवत नेला आणि पहिला तडा कधी, कुठे जातो ते टिपून ठेवलं.