सन्मानाचा खरा मानकरी : बाळू पालवणकर

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या सभागृहातील सन्मानफलकावर खेळाडूंची नावे लिहावीत, असे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत ठरले आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की यासाठी कसोटी कोणती लावावी? कोणी धावा आणि बळी मोजावेत असे सुचविले, कोणी पदके, तर कोणी जिल्हा किंवा राज्य पातळीवरील निवड. ही चर्चा ऐकत असताना माझ्या मनात एका थोर क्रिकेटपटूचे चरित्र घोळत होते. त्यांचे नाव बाळू पालवणकर. आपल्या विद्यार्थ्यांना ते परिचित नसेल, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची जीवनकथा येथे सांगत आहे.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. मुंबई इलाख्यातील हे गाव १९५६ साली म्हैसूर राज्यात आले. त्या नात्याने म्हैसूरच्या मराठी माणसाला ते दुहेरी आपले वाटावेत. चर्मकार समाजातील या कुटुंबाचे वडील सैन्याशी संबंधित नोकरीनिमित्त पुण्याला आले आणि तेथील छावणीत, साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. घरची गरिबी असल्याने शाळा लवकर सुटली. प्रथम पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम बाळूंना महिना तीन रुपयांवर मिळाले. पुढे युरोपियनांच्या पूना जिमखान्यात चार रुपयांवर नोकरी लागली. रूळ फिरवायचा, खेळपट्टी आखायची, जाळ्या लावायच्या आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना गोलंदाजी करायची, हा त्यांचा दिनक्रम होता. फलंदाजीची संधी मात्र त्यांना कधीच दिली गेली नाही. जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. डावखुरी संथ गोलंदाजी, चेंडूला दोन्ही बाजूंना दिलेली फिरकी आणि टप्प्यावरील विलक्षण ताबा, ही विद्या अशी वर्षानुवर्षांच्या सरावातून सिद्ध झाली.

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंची गोलंदाजी हवी होती. सनातनी सभासदांना मात्र त्यांचा स्पर्श नको होता. अखेर त्यांना संघात घेण्यात आले, पण मैदानावर जो चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत होता, तो हाताळणाऱ्या बाळूंना चहा मैदानाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. जेवणाची पंगतही वेगळी असे. त्यांच्या बळींच्या जोरावर हिंदूंचे विजय वाढू लागले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी या विसंगतीवर जाहीरपणे बोट ठेवले. सोबत खेळणाऱ्याला पंगतीत का बसवू नये, हा त्यांचा सवाल होता.

एकोणिसावे शतक संपता संपता बाळू मुंबईला आले. तेथे त्यांनी सैन्यात व पुढे रेल्वेत नोकरी केली आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्या सामन्यात बाळूंनी दोन डावांत मिळून आठ गडी बाद केले. त्यांचे बंधू शिवरामही त्या संघात होते.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंह यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. म्हैसूर संस्थानातील बी. जयराम हेही त्या संघाकडून खेळले. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक ठरली. चौदा प्रथम श्रेणी सामन्यांपैकी दहा हरले आणि दोनच जिंकले. बाळूंची गोलंदाजी मात्र संपूर्ण दौऱ्यात तळपत राहिली. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ गडी बाद केले आणि लेस्टरशायरवरील विजयात त्यांचाच वाटा मोठा होता. मायदेशी परतल्यावर दलित समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्या काळी त्यांचा मोठा अभिमान होता.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. मागणी वर्षानुवर्षे होत राहिली, पण जात आड येत राहिली. १९२० साली तर बाळूंना वगळण्यात आले आणि नेतृत्व त्यांच्या भावांहूनही अनुभवाने लहान असलेल्या खेळाडूकडे गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. त्याचा परिणाम झाला. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि कर्णधार काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्या वेळेपुरते त्यांनी नेतृत्व केले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले आणि हिंदू संघ विजयी झाला. थोरल्या भावाने रूळ फिरवून तयार केलेल्या वाटेवरून धाकटा भाऊ चालत गेला.

पुढे बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांचा सहभाग होता. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. दोघांची निष्ठा एकाच समाजाशी असली, तरी मार्ग वेगळे झाले होते. १९५५ साली मुंबईत बाळूंचे निधन झाले.

प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी आणि सरासरी १५.२१ ही त्यांची आकडेवारी आजही थक्क करणारी आहे. तरीही २००९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद ज्या हॉल ऑफ फेममध्ये थोर खेळाडूंना स्थान देते, त्यात त्यांचे नाव नाही. भारत पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. तोवर बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. जे मैदान ज्याच्यासाठी उघडलेच नव्हते, तेथील धावसंख्या त्याच्याकडे मागायची कशी? अमेरिकेतील बेसबॉलच्या कूपर्सटाउन येथील सन्मानदालनाला हाच प्रश्न पडला होता. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख संघांची दारे १९४७ पर्यंत बंद होती. अखेर १९७१ साली, आयुष्याचा उमेदीचा काळ कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये घालविलेल्या सॅचेल पेज यांना तेथे स्थान मिळाले. त्या दालनाच्या निवडनियमांत आकड्यांबरोबरच सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य यांचाही विचार सांगितला आहे.

आमच्या बैठकीत मी हे चरित्र थोडक्यात सांगितले. आकडे बाजूला ठेवावेत, असे माझे म्हणणे नव्हते, कारण बाळूंची थोरवी आकड्यांतही पुरेपूर उतरली आहे. मात्र ते आकडे कोणत्या मातीत, कोणत्या अडथळ्यांतून उगवले, हे पाहिल्याशिवाय त्यांचे मोल कळत नाही. म्हणून विद्यार्थ्याचे नाव सुचविताना त्याच्या यशासोबत त्याने कोठून सुरुवात केली आणि सहकाऱ्यांशी तो कसा वागला, हेही दोन ओळींत लिहावे, असे आम्ही ठरविले.

फलक आता रंगून तयार आहे. त्याच्या उजव्या बाजूला थोडी जागा मोकळी ठेवली आहे. ती भरणारे विद्यार्थी कदाचित आज आपल्याच मैदानावर, शिपाईकाकांच्या मागे धावत, चुन्याच्या रेषा आखायला हातभार लावत असतील.