इंटरनेटचा नोंदणीकार : जॉन पोस्टेल

नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी सुरू झाली, की पहिल्या काही दिवसांतच आकडे घोकावे लागतात. फाइल पाठवण्यासाठी २१, टेलनेटसाठी २३, ईमेल रवाना करण्यासाठी २५, संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्यासाठी ५३, वेब पानांसाठी ८०. हे पोर्ट क्रमांक. एका संगणकावर अनेक सेवा चालू असतात. आलेला मजकूर त्यांपैकी कोणाच्या हाती द्यायचा, हे या क्रमांकावरून कळते. या आकड्यांमागे गणिताचा नियम नाही. सर्वांनी एकच आकडा वापरायचा, एवढाच करार आहे. तो पाळला जायचा तर नोंद ठेवणारे कोणी तरी हवे. सुमारे पाव शतक हे काम जॉन पोस्टेल यांनी केले.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९६६ मध्ये पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. तिथे लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत ते काम करू लागले. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या ‘अर्पानेट’वरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी याच प्रयोगशाळेतून निघाला. स्टीव्ह क्रॉकर आणि विंट सर्फ हे शाळेपासूनचे विद्यार्थीही त्यांच्यासोबत होते. तिघेही व्हॅन नाईज हायस्कूलचे.

निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांनी एकमेकांशी बोलायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. या बोलण्याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल. हुकूम काढण्याचा अधिकार या विद्यार्थ्यांना नव्हता. म्हणून क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये टिपणांची एक मालिका सुरू केली आणि तिला अभिप्राय मागवणारे नम्र नाव दिले. ‘आरएफसी’ या नावाने ती आजही चालू आहे. पोस्टेल तिचे संपादक झाले आणि अखेरपर्यंत राहिले. १९७२ मध्ये त्यांनी पोर्ट क्रमांकांची एक सामायिक यादी असावी, असे सुचवले. ती सांभाळण्याचे कामही मग त्यांच्याकडेच आले.

१९७४ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. प्रोटोकॉलमधील दोष कागदावरच कसे तपासायचे, हा त्यांचा विषय होता. १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी लिहिलेले एक टिपण महत्त्वाचे ठरले. तोवर टीसीपी नावाचा एकच प्रोटोकॉल दोन कामे करत होता : मजकूर वाटेवरून पुढे नेणे आणि तो पूर्ण पोचल्याची खात्री करणे. ही कामे वेगळी करावीत, असा पोस्टेल यांचा आग्रह होता.

पुढे ही विभागणी झाली. आयपी प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतो आणि राउटर तो तुकडा पुढे ढकलत नेतात. तो पोचेलच किंवा क्रमानेच पोचेल, अशी हमी आयपी देत नाही. ती जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांवरील टीसीपीची. तो तुकड्यांना क्रम देतो, पोच मागतो आणि पोच न आल्यास तुकडा पुन्हा पाठवतो. वाटेवरच्या यंत्रांवर हा भार नसल्यामुळेच जाळे वाढू शकले. जिथे पोचेची वाट पाहण्यापेक्षा वेग महत्त्वाचा, तिथे यूडीपी. १९८० मधील यूडीपीचा दस्तऐवज अवघ्या तीन पानांचा आहे. १९८१ मधील आयपी आणि टीसीपी यांच्या दस्तऐवजांचे संपादनही पोस्टेल यांचेच. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या प्रोटोकॉलवर आले. त्या बदलाचा आराखडाही त्यांनी लिहिला होता.

क्रमांक मागण्याची रीत साधी होती. जुलै १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी आपल्या नव्या, सुरक्षित ‘एसएसएच’साठी २१ आणि २३ यांच्या मधला मोकळा क्रमांक ईमेलने मागितला. पोस्टेल यांच्या सहकारी जॉयस रेनॉल्ड्स यांनी दुसऱ्याच दिवशी तो देऊन टाकला. परीक्षेतला २२ हा आकडा असा आला. देशांच्या नावांबाबतही पोस्टेल यांनी असाच शहाणपणा दाखवला. कोणत्या प्रदेशाला देश म्हणायचे, या वादात न पडता त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची तयार यादी स्वीकारली. भारताचे ‘डॉट इन’ त्या यादीतलेच.

मात्र इतके सारे एका माणसाच्या भरवशावर असणे कितपत योग्य, हा प्रश्न १९९८ मध्ये उभा राहिला. संकेतस्थळांच्या नावांची मूळ प्रत सरकारी कंत्राट असलेल्या एका खासगी कंपनीकडे होती. २८ जानेवारीला पोस्टेल यांनी ती प्रत उतरवून घेणाऱ्या बारापैकी आठ यंत्रणांच्या चालकांना ईमेल केली आणि यापुढे आपल्या संगणकावरून प्रत घ्यावी, असे कळवले. चालकांनी ते ऐकले. दोन्हीकडची माहिती सारखीच असल्याने जगाला काही जाणवले नाही. वॉशिंग्टनमध्ये मात्र खळबळ उडाली. सरकारने हरकत घेतल्यावर त्यांनी सारे पूर्ववत केले. ती केवळ चाचणी होती, असे त्यांचे म्हणणे होते.

हे काम संस्थेकडे सोपवावे, यासाठी ते स्वतःही झटत होते. ३० सप्टेंबर १९९८ रोजी ‘आयकॅन’ची नोंदणी झाली. पण त्यांच्या हृदयाची झडप गळत होती. १९९१ मध्ये त्यांच्यावर एक शस्त्रक्रिया झालेली होती. दुसरीनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. विंट सर्फ यांनी लिहिलेला त्यांचा मृत्युलेख त्यांनीच जपलेल्या मालिकेत २४६८ या क्रमांकाने नोंदला गेला. क्रमांक देण्याचे काम त्यानंतरही थांबले नाही.