दोन टोकांची गाठ

हर्शी म्हटलं की आपल्या इथल्या मुलांना चॉकलेट आठवतं. पण आज ओळख करून द्यायची आहे ती दुसऱ्या हर्शींची. आल्फ्रेड हर्शी, जन्म ४ डिसेंबर १९०८, गाव मिशिगनमधलं ओवोसो. स्वभावाने अगदी मितभाषी.

१९५० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला आले. आनुवंशिक माहिती प्रथिनात असते की डीएनएमध्ये, हा तेव्हाचा वाद. १९५२ मध्ये हर्शी आणि त्यांच्या सहायक मार्था चेस यांनी जिवाणूंवर विषाणू सोडले आणि ते मिश्रण चक्क स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये फिरवलं! बाहेर चिकटलेली प्रथिनांची टरफलं सुटून आली. डीएनए मात्र आत गेलेला होता.

हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत असतो. पण त्यांचं १९६३ चं काम फारसं कुणी सांगत नाही. लॅम्डा नावाच्या विषाणूचा डीएनए म्हणजे सुमारे ४८,५०० जोड्यांचा सरळ धागा. हर्शी आणि सहकाऱ्यांना दिसलं, की या धाग्याची दोन टोकं एकमेकांना चिकटतात आणि तापवलं की सुटतात. पुढे कळलं, की प्रत्येक टोकाला १२ अक्षरांची एकेरी शेपटी असते आणि दोन्ही शेपट्या एकमेकींत नेमक्या बसतात.

याचा विषाणूला उपयोग काय? सरळ धाग्याची नक्कल काढणाऱ्या एन्झाइमला सुरुवातीला छोटा आधार लागतो. तो नंतर काढला, की अगदी टोकाची जागा भरता येत नाही. म्हणजे दर पिढीला धागा आखूड! आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत, प्रत्येक बॅकअपला फाइलचे शेवटचे काही बाइट गळाले, तर एक दिवस ती उघडणारच नाही. लॅम्डा जिवाणूत शिरताच दोन्ही टोकांची गाठ मारतो, आणि जिवाणूचंच लायगेज एन्झाइम ती पक्की करतं. रिंगण तयार! रिंगणाला टोकच नाही, मग गळणार काय? नव्या विषाणूंत भरताना डीएनए पुन्हा त्याच जागी कापला जातो.

१९६९ मध्ये हर्शींना डेलब्रुक आणि लुरिया यांच्याबरोबर नोबेल मिळालं. मार्था चेस यांचं नाव त्यात नव्हतं, ही रुखरुख राहतेच. १९७८ मध्ये याच टोकांची जागा वापरून कॉस्मिड तयार झाले आणि इतर सजीवांच्या डीएनएचे लांबलचक तुकडे जिवाणूत वाढवता येऊ लागले. हर्शी २२ मे १९९७ रोजी गेले. त्यांनी दाखवलेली गाठ मात्र प्रयोगशाळांच्या कामी येतच राहिली.