डॉ. जोनास साल्क

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मुलांची चंगळ. परंतु अमेरिकेतील आईबापांना एके काळी याच दिवसांची धास्ती वाटे. कारण तेथे पोलिओची साथ उन्हाळ्यातच उसळत असे. पोहण्याचे तलाव ओस पडत. एकट्या १९५२ साली त्या देशात सुमारे ५८,००० लोकांना हा रोग जडला व तीन हजारांहून अधिक दगावले. अंगणात धावणारे मूल तापाने फणफणे आणि थोड्याच दिवसांत त्याचा पाय लुळा पडे.

पोलिओचा विषाणू दूषित पाण्यावाटे, अन्नावाटे किंवा मळक्या हातांवाटे तोंडात शिरतो व आतड्यात वाढतो. बहुतेकांना किरकोळ तापापलीकडे काही होत नाही. परंतु एखाद्याच्या मज्जारज्जूपर्यंत तो पोहोचला, की स्नायूंना हालविणाऱ्या पेशींचा तो नाश करतो. त्या पेशी परत आणणारे औषध आजही नाही. तेव्हा रोग होण्यापूर्वीच शरीराला सज्ज करणे, एवढाच मार्ग उरतो.

तो मार्ग दाखविणारे जोनास साल्क २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूयॉर्क शहरात एका ज्यू कुटुंबात जन्मले. वडील कपड्यांच्या धंद्यात राबत. आईवडिलांचे शिक्षण बेताचेच होते. १९३९ साली साल्क डॉक्टर झाले. पण दवाखाना न थाटता त्यांनी प्रयोगशाळा पत्करली.

जिवंत, परंतु दुर्बळ केलेल्या विषाणूंचीच लस टिकाऊ ठरेल, असे पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत होते. साल्क यांना ते पटेना. पिट्सबर्ग येथे त्यांनी पोलिओचे तिन्ही प्रकारचे विषाणू फॉर्मालिनने मारले. मेलेला विषाणू रोग उत्पन्न करीत नाही. मात्र शरीर त्याला ओळखते आणि प्रतिकारद्रव्ये तयार करू लागते.

पण एखादा विषाणू जिवंत राहिला असेल तर? आधी पोलिओ होऊन गेलेल्या मुलांना लस टोचून त्यांनी तिची परीक्षा घेतली होती. आता निरोगी मुलांची पाळी होती. १९५३ साली साल्क यांनी स्वतःला, पत्नीला व आपल्या तिन्ही मुलांना ती लस टोचली. थोरला मुलगा अवघा नऊ वर्षांचा होता. बाप म्हणून त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल!

मुले सुखरूप राहिली. १९५४ साली सुमारे १८ लाख शाळकरी मुले एका प्रचंड चाचणीत सामील झाली. काहींना लस, तर काहींना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी द्रवाची सुई मिळाली. १२ एप्रिल १९५५ रोजी लस गुणकारी असल्याचे जाहीर झाले, तेव्हा गावोगावी चर्चच्या घंटा वाजल्या.

हा आनंद फार दिवस टिकला नाही. एका कारखान्याच्या लशीत जिवंत विषाणू राहून गेले होते. तिच्यामुळे अनेक मुले लुळी झाली व दहा जण मृत्यू पावले. लसीकरण थांबवून तपासणी कडक करण्यात आली आणि मगच काम पुन्हा सुरू झाले. १९६१ साली अमेरिकेतील रुग्णांची संख्या सुमारे १,३०० वर आली. साल्क यांनी या लशीचे पेटंट घेतले नाही.

पुढे डॉ. आल्बर्ट सेबिन यांनी दुर्बळ विषाणूंची, तोंडात थेंब टाकण्याची लस काढली. भारतात याच थेंबांनी मोठे काम केले. जानेवारी २०११ नंतर येथे नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळलेला नाही. २३ जून १९९५ रोजी साल्क यांचे निधन झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१५ साली, भारतातील बालकांना थेंबांच्या जोडीला मृत विषाणूंची सुईही मिळू लागली.